बेअरिंग बदलून दमलो, शेवटी घर मोजलं

तिसरं बेअरिंग काढलं तेव्हा मालक म्हणाले, "डुप्लिकेट माल आणलाय तुम्ही." मी काही बोललो नाही. आमच्या भोसरीत बेअरिंग गेलं की पहिला संशय दुकानदारावर, दुसरा ग्रीसवर आणि तिसरा फिटरवर, आणि पहिले दोन नंबर होऊन गेले होते.

मशीन म्हणजे डस्ट कलेक्टरचा ब्लोअर, कारखान्यातली धूळ ओढून फिल्टर बॅगांमध्ये अडवणाऱ्या यंत्राचा पंखा. मोटरला डायरेक्ट कपल, १४४० आरपीएम, इंपेलर, म्हणजे पंख्याचं पात्यांचं चाक, शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला लटकलेला. इंपेलर साइडचं ६३०८ नंबरचं बेअरिंग (आतून ४०, बाहेरून ९० मिलिमीटर) आठ महिन्यांत तीनदा बदललं आणि दर वेळी ते जुन्या घरात, म्हणजे बाहेरची रिंग जिथे बसते त्या हाउसिंगच्या गोल भोकात, हाताने गुपचूप जाऊन बसायचं, आणि आम्ही खूश, हातोडा लागला नाही म्हणून! इतकं सहज बसतंय म्हणजे घर ढिलं, तिथेच खरं तर कान टवकारायला हवे होते.

या वेळी बाहेरच्या रिंगवर बोट फिरवलं तर लालसर तपकिरी भुकटी, कुंड्यांना लावतो त्या गेरूसारखी, ग्रीसमध्ये कालवलेली. नखात बसली ती रात्री जेवेपर्यंत निघेना. सगळे म्हणाले पाणी शिरलंय, पावसाळ्याचा गंज आहे. गंज आहेच तो, पण पाण्याचा नाही. दोन भाग एकमेकांवर घट्ट बसलेत असं वाटतं, पण लोड फिरला की ते काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे सरकत राहतात, वरचा थर खरवडला जातो, उघडं पडलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन धरतं आणि त्याची ही लाल भुकटी होते. भुकटी कडक, बाहेर पडायला जागा नाही, मग तीच घासकागदाचं काम करते आणि घर आणखी ढिलं होतं. याला फ्रेटिंग म्हणतात. आणि गंमत बघा, स्टीलचं फ्रेटिंग कोरड्या हवेत जास्त होतं आणि दमट हवेत कमी, म्हणजे आम्ही पावसाला उगाच शिव्या घालत होतो.

मग मोजायला बसलो. शाफ्ट ४०.००८ मिलिमीटर आला, के५ फिटमध्ये (के५, एच७ ही किती टाइट-सैल बसवायचं त्या मापांची नावं) ४०.००२ ते ४०.०१३ चालतो, म्हणजे शाफ्टला दोष नाही. घराला बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) लावला तर आडवं ९०.०६, उभं ९०.११. एच७ धरलं तरी ९०.०३५ च्या वर जायला नको. आत टॉर्च मारला तर सगळीकडे सेंटर पंचचे, म्हणजे टोकदार छिन्नीने ठोकलेले डॉट, आमच्या आधी कुणीतरी डॉट मारून घर 'टाइट' केलेलं. हा जुगाड आपल्याकडे इतका चालतो की नवीन पोराला कुणी शिकवावाही लागत नाही, पण डॉटची टोकं पहिल्या काही दिवसांतच चेपतात आणि मग बेअरिंग त्या टेकाडांवर बसून डुलत राहतं. मला तर हा प्रकार गुन्ह्यासारखा वाटतो.

पण घर ढिलं का झालं हे अजून कळलेलं नव्हतं. साधा नियम असा की लोड एकाच दिशेला आणि शाफ्ट फिरतोय, तर आतली रिंग टाइट हवी, बाहेरची जरा सैल चालते. पण लोडच शाफ्टबरोबर फिरायला लागला तर उलटं, बाहेरची रिंग घरात सरकत सरकत फिरायला लागते. व्हायब्रेटिंग स्क्रीनमध्ये (थरथरणाऱ्या मोठ्या चाळणीत) म्हणूनच बाहेरची रिंग टाइट ठेवतात. आमच्या ब्लोअरवर फिरता लोड कुठून आला? इंपेलर उघडला तर एका बाजूच्या पात्यांवर धूळ थापलेली. एक फिल्टर बॅग फाटली होती, कुणाच्या लक्षात नाही.

घरी येऊन हिशोब केला. ३०० मिलिमीटर त्रिज्येवर नुसती ६० ग्रॅम धूळ, म्हणजे एका बटाटेवड्याएवढं वजन, १४४० आरपीएमला साधारण ४२ किलोची ओढ देते. इंपेलरचं स्वतःचं वजन ३० किलो! म्हणजे फिरता लोड स्थिर लोडला खाऊन बसला. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग वडे कमी खा."

बॅग बदलली, इंपेलर धुऊन बॅलन्स करून घेतला. घर सिंगल पीस कास्ट आयर्नचं होतं, ते ओळखीच्या बोरिंगवाल्या काकांकडे नेलं. भोक मोठं करून आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवायची होती. काका म्हणाले, "लॉकटाइट लावून टाक की, कशाला स्लीव्ह?" हा धातू चिकटवायचा गोंद, तो पर्याय वाईट नाही, हवा बंद झाली की धातूला धरून घट्ट होतो आणि हवा-ओल आत जात नाही, पण घर अंडाकृती झाल्यावर बेअरिंग मध्यावर बसणार कसं? स्लीव्ह टाकून के७ ला, म्हणजे एच७ पेक्षा टाइट मापाला, बोअर केलं, टाइट फिटमध्ये आतला क्लिअरन्स (बॉल आणि रिंगमधली मोकळीक) कमी होतो म्हणून बेअरिंग सी३, जास्त मोकळीक असलेलं, घेतलं. दुसरं, कपलिंग साइडचं (मोटरच्या जोडाकडचं) मात्र मुद्दाम सरकतं ठेवलं, फक्त बाहेरच्या रिंगला मोलिब्डेनमवाली अँटी-फ्रेटिंग पेस्ट, पातळ हात. दोन्ही टाइट केली असती तर शाफ्ट गरम होऊन लांबतो, ६०० मिलिमीटरला ४० डिग्रीत पाव मिलिमीटरच्या वर, आणि ती लांबी बेअरिंगच सोसणार. बंद करायच्या आधी बाहेरच्या रिंगवरून घरापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढली. महिन्याने कव्हर उघडलं, रेघ जागच्या जागी, म्हणजे रिंग घरात फिरली नव्हती.

शेजारचा स्टँडबाय ब्लोअर मात्र चालू केल्या केल्या घरघरला. तो उभाच होता, पण शेजाऱ्याचं व्हायब्रेशन खात होता. आत रेसवर (बॉल धावतात त्या खाचेवर) बॉलच्या अंतरावर खळगे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटहून आगगाडीने नव्या गाड्या पाठवायचे, त्यांची चाकाची बेअरिंगं न चालताच अशी खराब व्हायची, तोच हा प्रकार. आता दर गुरुवारी सुट्टीला वॉचमनमामा त्याचा कपलिंग हाताने सव्वा फेरा फिरवतात आणि खडूची खूण करतात. परवा विचारत होते, "साहेब, सव्वाच का? एक का नाही?" म्हटलं, एक फेऱ्यात खूण होती तिथेच येईल, मग तुम्ही फिरवलं की नाही ते मला कळणार कसं.