टीमचं शेड्यूल कॅलेंडरमध्ये आणताना: अडलं ते टाइमझोनपाशी

मुलांच्या टीमचं शेड्यूल अ‍ॅपमधून आपल्या कॅलेंडरमध्ये घेणार असाल तर आधी एक गोष्ट तपासा: अ‍ॅपची लिंक मॅचच्या वेळेसोबत टाइमझोन पाठवते का? बाकी सगळं चहा उकळेपर्यंत होणारं काम आहे. ऑक्टोबरचा जवळजवळ अख्खा दुसरा पंधरवडा माझा या एका गोष्टीपायी सपोर्टवाल्यांशी वाद घालण्यात गेला, आणि त्यांची उत्तरं आठवली की अजूनही डोकं तापतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक बारा वर्षांखालच्या मुलींच्या सॉकर टीममध्ये आहे. या वयोगटात एका बाजूला नऊ जणी आणि तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ असतात. फॉल सीझन सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. आठवड्यात प्रॅक्टिस, शनिवार-रविवारी मॅच, मैदान कधी घराजवळ तर कधी तासभर गाडी हाकल्यावर. पाऊस झाला की गवताची मैदानं बंद होतात, मग मॅच टर्फवर हलते नाहीतर पुढे ढकलली जाते. हे बदल क्लबच्या अ‍ॅपमध्ये येतात. पण माझ्या मीटिंगा, लेकीचा गाण्याचा क्लास आणि रविवारची मराठी शाळा माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये असते. दोन्ही एकाच जागी दिसल्याशिवाय घर चालत नाही.

अ‍ॅपच्या शेड्यूलच्या पानावर कॅलेंडर सिंकचं बटण होतं. ते दाबलं, आयफोनने सबस्क्राइब करायचं का विचारलं, हो म्हटलं, हिरवा रंग दिला आणि सगळा सीझन समोर आला. नवऱ्याच्याही फोनवर तसंच झालं.

अडलं ते कोल्हापुरात.

माझे वडील, अण्णा, फुटबॉलवेडे आहेत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून त्यांनी पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापुरी टीमांच्या मॅचेस बघितल्यात, हरल्यावर दोन दिवस घरात न बोलता काढलेत. नात फुटबॉल खेळते याचं त्यांना केवढं अप्रूप आहे हे मी शब्दांत सांगू शकत नाही. आमच्या क्लबने मैदानाच्या कडेला उंच स्टँडवर कॅमेरा लावलाय, त्यावर मॅच लाईव्ह दिसते. अण्णांकडे नवऱ्याचा जुना आयफोन आहे. आमच्या आणि त्यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा. हे गणित त्यांना दर आठवड्याला करायला लागू नये म्हणून तीच लिंक मी त्यांच्या फोनवरही घातली.

शनिवारी, १८ ऑक्टोबर २०२५ ला, सकाळी साडेनऊची मॅच होती. म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे सात. शुक्रवारी रात्री बरोबर बारा वाजता फोन वाजला. मध्यरात्री गावाकडून फोन आला की काळजात धस्स होतं, परदेशात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

"अगं, मॅच दिसंना कुठं. फोनवर तर साडेनऊच दावतंय, पोरी उतरल्या न्हाईत काय मैदानात?"

"अण्णा, इथं रात्रीचे बारा वाजलेत. मॅच तुमच्या संध्याकाळी सातला आहे."

"मग हे साडेनऊ कुणाचं?"

या प्रश्नाचं उत्तर मिळवायचं ठरवलं. अ‍ॅपच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं: सबस्क्रिप्शन काढून पुन्हा घाला. अण्णांना फोनवर एकेक पायरी सांगून ते केलं. साडेनऊच. पुन्हा लिहिलं. उत्तर: फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे का बघा. होती. पुढचं उत्तर वाचून मात्र मी खरोखर संतापले. आयफोनच्या कॅलेंडर सेटिंग्जमध्ये टाइम झोन ओव्हरराइड नावाचं बटण आहे, ते सुरू करून तिथे न्यू यॉर्क निवडा, असं त्यांनी लिहिलं.

हा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. ते बटण सुरू केलं की कॅलेंडरमधल्या टाइमझोनसकटच्या बाकी सगळ्या नोंदी न्यू यॉर्कच्या वेळेत दिसायला लागतात. अण्णांची सकाळी साडेदहाची डॉक्टरांची अपॉइंटमेंट रात्री एकची दिसली असती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या कॅलेंडरचा असा खेळ करायचा? आणि एवढं करूनही मॅच साडेनऊलाच दिसली असती, कारण दोष फोनमध्ये नव्हताच. मी ते करू दिलं नाही. तसं कळवल्यावर उत्तर आलं की आमची सेवा भारतासाठी नाही.

त्याच सुमाराला नवरा कामासाठी डॅलसला गेला होता. डॅलसची वेळ आमच्यापेक्षा एक तास मागे. आमची साडेनऊची मॅच तिथे साडेआठला दिसायला हवी. त्याच्या फोनवर साडेनऊ. म्हणजे प्रश्न भारताचा नव्हता, त्यांच्याच देशातल्या पुढच्या टाइमझोनमध्येही वेळ चुकत होती. न्यू जर्सीतल्या एकाही पालकाला हे जाणवलं नाही, कारण इथे बसून बघितलं की वेळ बरोबरच दिसते.

मग मी लिंकच उघडून बघितली. हे कुणालाही जमेल. लिंकच्या सुरुवातीला 'वेबकॅल' असतं, त्या जागी 'एचटीटीपीएस' लिहून लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. आयसीएस नावाची फाइल उतरते. ती नोटपॅडमध्ये उघडते, आत साधा मजकूर असतो. प्रत्येक मॅचसाठी काही ओळी, त्यात एक 'डीटीस्टार्ट' नावाची, म्हणजे सुरू होण्याची वेळ. आमच्या मॅचची ओळ अशी होती: डीटीस्टार्ट, मग २०२५१०१८, मग टी, मग ०९३०००. बस. पुढे काही नाही, मागे काही नाही.

कॅलेंडरच्या या फाइलींचं एक ठरलेलं मानक आहे, आयकॅलेंडर. सध्याचा मसुदा सप्टेंबर २००९ चा, आरएफसी ५५४५, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफचा. त्यात वेळ तीन प्रकारे लिहिता येते. शेवटी झेड असेल तर ती यूटीसी वेळ, म्हणजे सगळ्या जगासाठी धरलेली एकच प्रमाणवेळ. आमची मॅच तशी लिहिली असती तर १३३०००झेड आली असती. दुसरा प्रकार म्हणजे वेळेच्या आधी टीझेडआयडी आणि त्यात अमेरिका/न्यू_यॉर्क असं गावाचं नाव. या दोन्हींत जगातला कुठलाही फोन आपल्या गावची वेळ काढून दाखवतो. तिसऱ्या प्रकारात झेड नाही आणि गावही नाही. त्याला फ्लोटिंग वेळ म्हणतात. फोन जिथे असेल तिथले साडेनऊ. रोज सकाळी सहाला गोळी घ्यायची असेल तर हा प्रकार योग्य आहे, कोल्हापुरात असा नाहीतर न्यू जर्सीत, गोळी सहालाच घ्यायची. पण मॅच एका ठरावीक मैदानावर, एका ठरावीक क्षणी सुरू होते. तिथे हा प्रकार सरळ चूक आहे. बहुतेक वेळा पक्की वेळच हवी असते आणि ती कळवायची तर यूटीसी नाहीतर टाइमझोन द्यायलाच हवा, असं त्या मानकातच म्हटलंय.

हे सगळं, आमच्या फाइलीतल्या ओळीसकट, सपोर्टला पाठवलं. उत्तर: तांत्रिक विभागाकडे पाठवलं आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. त्यानंतर शांतता. विचारलं की पुन्हा तेच वाक्य. तुमचं म्हणणं कळलं, चूक आमच्याकडे आहे, एवढंही कुणी लिहायला तयार नव्हतं. वेळ लागला याचा मला इतका राग नाही. समोरच्याच्या हातात पुरावा ठेवल्यावरही तो तुमच्या म्हाताऱ्या वडिलांच्या फोनकडे बोट दाखवत राहतो, याचा आहे.

शेवटी काम झालं ते आमच्या टीम मॅनेजरमुळे. तीही एका मुलीची आई, पगार नाही, नोकरी सांभाळून हे करते. प्रॅक्टिस संपल्यावर पार्किंगमध्ये तिला माझ्या फोनवर ती ओळ दाखवली आणि नवऱ्याने डॅलसहून पाठवलेला स्क्रीनशॉट दाखवला. तिने तिथेच टीमच्या सेटिंग्ज उघडल्या. टाइमझोनची चौकट रिकामी होती. क्लबने सगळ्या टीमांचं शेड्यूल एक्सेलमधून एकदम चढवलं होतं आणि त्यात टाइमझोनचा रकाना कुणी भरलाच नव्हता. सपोर्टमधल्या एकानेही ही चौकट बघा म्हणून सांगितलं नव्हतं. तिने ईस्टर्न टाइम निवडला. तेवढ्याने जुन्या मॅचेस बदलल्या नाहीत, प्रत्येक मॅच उघडून पुन्हा सेव्ह करावी लागली. तिने रात्री बसून सगळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा उघडली तर टीझेडआयडी आणि न्यू_यॉर्क जागच्या जागी. अण्णांच्या फोनवर मॅच संध्याकाळी सातला आली, तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

एक खात्री मात्र करायची होती. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, २०२५ मध्ये तो रविवार २ तारखेला होता. भारताचं घड्याळ हलत नाही. म्हणजे ८ नोव्हेंबरची साडेनऊची मॅच कोल्हापुरात सातला नाही, आठला दिसायला हवी. कुणी टाइमझोन न लिहिता नुसता साडेनऊ तासांचा फरक धरून वेळ लावली असती तर ती सातलाच राहिली असती. अण्णांना तो दिवस उघडून वाचायला सांगितलं. "आठ लागल्यात," ते म्हणाले. तुमच्याकडे आजी-आजोबा भारतात मॅच बघत असतील तर सीझनच्या सुरुवातीलाच नोव्हेंबरातली एक मॅच अशी उघडून बघा.

फाइल उतरवून इम्पोर्ट करण्याबद्दल सांगायचं राहिलं. करू नका. इम्पोर्ट केलेलं शेड्यूल त्या क्षणाची नक्कल असते, नंतर मैदान बदललं तर तुम्हाला कळत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये दोन्ही बटणं शेजारी असतात, सबस्क्राइबचंच घ्या.

गूगल कॅलेंडर असेल तर लिंक कंप्युटरच्या ब्राउझरमधून घालावी लागते. डाव्या बाजूला 'अदर कॅलेंडर्स'शेजारच्या अधिकच्या चिन्हावर 'फ्रॉम यूआरएल' मिळतं. फोनच्या गूगल अ‍ॅपमध्ये ही सोय शोधत बसू नका. बदल तिथे उमटायला बारा तासांपर्यंत लागू शकतात असं गूगलच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय, त्यामुळे पावसाळी सकाळी निघण्याआधी क्लबचं अ‍ॅप उघडाच. कॅलेंडर आठवड्याची आखणी करायला उत्तम, पण मॅचच्या दिवशी सकाळी शेवटचा शब्द अ‍ॅपचा. आयफोनवर बदल किती वेळाने आणायचे ते कॅलेंडर अकाउंट्सच्या फेचमध्ये ठरवता येतं.

ती लिंक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याच्या हातात लिंक, त्याला पासवर्डशिवाय सगळं दिसतं: आपलं मूल कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या मैदानावर असणार. मी ती फक्त नवऱ्याला आणि अण्णांना दिलीय. चुकून पसरली तर अ‍ॅपमध्ये लिंक बदलून मिळते का ते बघा. आमच्यात मिळते.

आणखी एक. आमच्या शेड्यूलमध्ये नोंद मॅच सुरू होण्याच्या वेळेची असते, मुलींना मात्र पाऊण तास आधी बोलावतात आणि ते खाली वर्णनात लिहिलेलं असतं. निघायच्या वेळेची नोंद मी वेगळी करते, कारण सबस्क्राइब केलेल्या नोंदींमध्ये आपल्याला काही बदलता येत नाही.

वसंतातल्या सीझनचं शेड्यूल क्लब पुन्हा एक्सेलमधूनच चढवणार आहे. ८ मार्च २०२६ ला घड्याळं परत पुढे जातील. टाइमझोनचा रकाना भरून मगच फाइल चढवा, असं मॅनेजरने आणि मी मिळून क्लबला लेखी कळवलंय, आणि त्यांनी ते मान्य केलंय.