तीन शेपट्यांची राणी आणि मिशाळ महाराजा

गोव्यात दाबोळीच्या पठारावरून बोगमाळोकडे जाताना रस्त्याला लागूनच नौदलाचं विमान संग्रहालय आहे. पर्यटक बहुतेक सी हॅरियर या लढाऊ जेटपाशी घुटमळतात. मी गेलो की सरळ सुपर कॉन्स्टेलेशनकडे जातो. चार पंख्यांचं लांबलचक विमान, पाठीला किंचित बाक आणि मागे चक्क तीन शेपट्या. अंगावर नौदलाचा रंग नि आयएन ३१५ हा क्रमांक. पण बाई मूळची राजघराण्यातली. पन्नासच्या दशकात एअर इंडिया इंटरनॅशनलने ही विमानं घेतली तेव्हा प्रत्येकीला राणीचं नाव दिलं होतं. ही 'रानी ऑफ एलोरा'. सुटाबुटातल्या माणसांना परदेशी घेऊन जाणारी.

१९६० च्या फेब्रुवारीत 'गौरीशंकर' हे बोइंग ७०७ एअर इंडियाच्या ताब्यात आलं आणि राण्यांचे दिवस भरले. राणी ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जायची, हे जेट नऊशेच्या घरात. १९६२ मध्ये एअर इंडियाने पंख्यांची विमानं पार काढून टाकली. ताफ्यात फक्त जेट असलेली ती जगातली पहिली कंपनी. राण्या हवाई दलाकडे गेल्या, पुढे १९७६ मध्ये त्यातल्या काही नौदलाकडे, आणि उतारवयात दाबोळीहून उडून अरबी समुद्रावर पाळत ठेवू लागल्या. तो आवाज मला चांगला आठवतो. चिखलीच्या आमच्या घरावरून एक गेली की आईचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं आणि विमान लांब गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं.

मी पेंटर. म्हणजे पाट्या रंगवणारा. वास्को, दाबोळी, चिखली भागातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या फळ्या, जत्रेतल्या नाटकांचे पडदे, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. फ्लेक्स आलं आणि धंदा बसला, तो भाग इथे नको. सांगायचं आहे ते विमान कंपन्यांच्या जुन्या जाहिरातींबद्दल, कारण अक्षर कसं बसवायचं आणि मोकळी जागा मोकळीच कशी ठेवायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आणि हे शिकलो तेव्हा विमानात पाय ठेवलेला नव्हता.

जेट युगाचा आणि आमच्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, संबंध आला तो तारवटींमुळे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांमुळे. लोकांना वाटतं, त्या काळात विमानात फक्त शेठ आणि मंत्री बसत. आमच्या वाड्यावरून बोइंगमध्ये पहिल्यांदा बसला तो भाटकार, म्हणजे जमीनदार, नव्हे, शेजारचा तारवटी. बोटीवर कूक होता. आम्ही मुलं त्याला अंकल म्हणायचो. पणजीहून मुंबईपर्यंत तो आगबोटीने जायचा, डेकवर वळकटी पसरून. मुंबईहून पुढे मात्र बोट जिथे लागली असेल तिथे, युरोपातल्या कुठल्याही बंदरात, कंपनी त्याला विमानाने पाठवायची. एका रात्री डेकवर आणि दुसऱ्या रात्री सात समुद्रांच्या वर, गळ्यात टाय बांधून. त्याची बायको सांगायची की टायची गाठ तो घरूनच मारून न्यायचा, सैल करून ट्रंकेत ठेवायचा, आणि विमानतळावर नुसती डोक्यातून घालायचा.

तो परत आला की कंपनीची खांद्याला लावायची पिशवी, जेवणाचं छापील कार्ड, पत्ते, असं काहीबाही आणायचा. पिशवी त्याने आईला दिली. तिने तिच्यातून कित्येक वर्षं रेशनची साखर आणली. मला मिळालं एक पोस्टकार्ड. त्यावर महाराजा.

हा महाराजा जन्मला १९४६ मध्ये. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव, या दोघांची ही करामत. आधी तो नुसता कंपनीच्या कागदावर छापायला काढला होता, पुढे त्याने सगळी कंपनीच ताब्यात घेतली. मी तो पोस्टकार्डावरून इतका गिरवला की अजून डोळे मिटून काढू शकेन. त्याचेही डोळे मिटलेलेच असतात म्हणा. सुरुवात नाकापासून करायची, कारण नाक मोठं नि गोल, बाकी सगळं त्याच्या आधाराने उभं राहतं. मग दोन्हीकडे मिशीचा वेढा, एका दमात, ब्रश न उचलता. उचललात की मिशी लुळी पडते आणि महाराजा हवालदार दिसू लागतो. मग पागोट्याचे पट्टे, शेवटी टोकं वळलेल्या मोजड्या आणि छातीशी नेलेला हात. कमरेतला वाक नेमका जमला पाहिजे. जास्त वाकवला तर नोकर होतो, कमी वाकवला तर खरोखरच राजा. उमेश रावांनी त्याला जिथे थांबवलंय तिथे तो यजमान आहे.

मोठ्या पाटीवर चढवायचा तर आधी कागदावर काढून त्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद पाटीवर धरायचा आणि वरून चुन्याची पुरचुंडी आपटत जायची. कागद काढला की पांढऱ्या ठिपक्यांचा महाराजा उभा. मग खारीच्या केसांच्या ब्रशने एनॅमल. वास्कोतल्या सलूनवाल्यांना तो फार आवडायचा, मिशांमुळे. एका सलूनवर तो हातात कात्री घेऊन उभा होता. एअर इंडियाला कळलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे. पण कूकांची एकंदर वृत्ती बघता ते हसले असते असं मला वाटतं.

कारण त्यांनी स्वतः त्याला काय काय करायला लावलं! टोकियोच्या पोस्टरवर सुमो पैलवान, रोममध्ये रोमिओ, पॅरिसमध्ये बायकांच्या मागे लागलेला. सरकारी कंपनी होती ही. १९५३ मध्येच राष्ट्रीयीकरण झालेलं. सरकारी कंपनीने स्वतःच्याच राजाची अशी फजिती छापावी आणि दिल्लीने खपवून घ्यावी, हे आज लिहिताना खोटं वाटतं. मुंबईत केम्प्स कॉर्नरला एअर इंडियाचा फलक असायचा, त्यावर ताज्या घडामोडींवर टोमणे. मुंबईला गेलो की मी तो बघायला मुद्दाम बसमधून आधी उतरायचो. हाताने रंगवलेलं ते काम होतं, आणि रंगवणाऱ्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पक्का होता.

१९६७ मध्ये एअर इंडियाने स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून रक्षापात्र करून घेतलं आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं, विमानाने पाठवून. हा किस्सा मी कोणालाही सांगतो आणि कोणीही विश्वास ठेवत नाही. १९७१ मध्ये जंबो आलं, 'एम्परर अशोका', तर त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून झरोक्याची महिरप रंगवली. चारशे माणसांचं विमान आणि खिडक्या राजस्थानी हवेलीच्या. डिझाइनची शिस्त पाळणारे नाकं मुरडतील, पण ती महिरप लांबून ओळखू यायची. पाटीचं काम आणखी काय असतं?

बाहेरच्या कंपन्यांच्या जाहिराती मी रद्दीच्या दुकानातून जमवल्या. बंदरावर येणाऱ्या बोटींवरची इंग्रजी मासिकं मुरगावात किलोवर विकली जायची, त्यातली पानं. अमेरिकेच्या पॅनॅमचा निळा गोल. ब्रिटनच्या बीओएसीचा बाणासारखा पक्षी, १९३२ पासूनचा, मोजक्याच रेषांत उडणारा. अमेरिकेतल्या ब्रॅनिफने तर १९६५ मध्ये आख्खी विमानंच नारिंगी, पिवळी, निळी रंगवून काढली आणि हवाईसुंदरींचे कपडे इटलीच्या एमिलियो पुच्चीकडून शिवले. त्यात डोक्यावर घालायचं पारदर्शक प्लास्टिकचं गोल टोप होतं, पावसात केस भिजू नयेत म्हणून. दाबोळीला जुलैत विमानापासून इमारतीपर्यंत चालत यावं लागायचं त्या दिवसांत मला त्या टोपाची फार आठवण यायची. १९७३ मध्ये त्याच ब्रॅनिफने अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराला डीसी-८ हे आख्खं विमान रंगवायला दिलं. एवढी मोठी पाटी कोणा पेंटरला मिळाली नसेल.

काही पानं मात्र तेव्हाही आवडली नव्हती. १९७१ ची नॅशनल एअरलाइन्सची जाहिरात: एक हसरी मुलगी, 'मी शेरिल, मला उडवा' अशा अर्थाची ओळ. त्यावर तिथल्या हवाईसुंदरी चिडून रस्त्यावर आल्या, ते बरंच झालं. आपल्याकडे महाराजा वाकून नमस्कार करत होता, पण त्याच्या पदरी असलेल्या मुलींसाठी नियम काय होते? पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, पहिल्यांदा दिवस राहिले तरी गेली, आणि एरवीही पस्तिशीला घरी. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गरोदरपणाचं कलम रद्द केलं. लग्नाचं मात्र तसंच राहू दिलं. 'काय तो सुवर्णकाळ' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे ऐकवतो, आणि मग ते विषय बदलतात.

गोव्याची स्वतःचीही विमान कंपनी होती, हे आताच्या पोरांना ठाऊक नसतं. पोर्तुगीज अमलातली, १९५५ मध्ये निघालेली, टाइप नावाची: त्रान्सपोर्तिश आएरियुश दा इंदिया पुर्तुगेझा, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानची हवाई वाहतूक. भारताने नाकेबंदी केली म्हणून दाबोळीचा विमानतळ झाला आणि ही कंपनीही. दमण, दीव, कराची आणि पुढे लिस्बन. आधी छोटी हेरॉन, मग वायकिंग, मग चार पंख्यांचं डीसी-४. वडील मुरगाव बंदरात कारकून होते, ते म्हणायचे की कराचीला जाणाऱ्या माणसाला पोचवायला निम्मा गाव दाबोळीला जायचा आणि विमान उडाल्यावर धुरळा बसेपर्यंत कोणी हलायचं नाही. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवामुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री टाइपचं एक आणि पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीचं एक, अशी दोन विमानं उरलेल्या धावपट्टीवरून अंधारात उडून कराचीला निसटली. टॅपचं ते विमान सुपर कॉन्स्टेलेशन होतं. म्हणजे बोगमाळोच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या राणीची सख्खी बहीण.

गेल्या वर्षी आसगावातल्या एका नव्या कॅफेवाल्याने बोलावलं. दिल्लीचा मुलगा, बोलायला गोड. भिंतीवर जुन्या विमान कंपनीचं चित्र हवं होतं, हाताने रंगवलेलं, फ्लेक्स नको. एवढं ऐकूनच मी अर्धा विरघळलो. त्याच्या मोबाइलवर नमुने होते, सगळे पॅनॅमचे. मी म्हटलं, "बाळा, पॅनॅम १९९१ मध्ये बंद पडली नि गोव्यात ती कधी उतरली नाही. तुला दाबोळीची राणी काढून देतो." फोटो दाखवला. त्याला शेपट्या आवडल्या. तीन का, म्हणून विचारलं. विमान उंच झालं असतं तर त्या वेळच्या हँगरात मावलं नसतं, म्हणून एका उंच शेपटीच्या जागी तीन बुटक्या, असं सांगितल्यावर त्याने लगेच ते आपल्या मेन्यूच्या मागे छापायचं ठरवलं.

रंगकाम उरकत आलं तेव्हा आला आणि म्हणाला, "काका, हे जरा जुनं दिसू दे ना. फिकट, पोपडे गेल्यासारखं."

हा सल्ला मला नवीन नाही. पणजीपासून मोरजीपर्यंत जुन्या पोस्टरच्या नावाखाली जे काही लावलेलं दिसतं ते सगळं चहात बुडवल्यासारखं तपकिरी. पण त्या पोस्टरांची गंमतच ही होती की त्यात जुनं काहीही नव्हतं. आकाश कोरं निळं, पत्रा चकचकीत, अक्षरं तिरकी, पुढे झुकलेली. उद्या काय होणार याची ती जाहिरात होती. आमच्या अंकलने वाड्यावर आणलेलं ते पोस्टकार्ड इतकं नवं होतं की हात धुतल्याशिवाय आई मला त्याला शिवू द्यायची नाही. आम्हाला त्यातलं तिकीट परवडणार नव्हतं हे ठाऊक होतं, तरी ते उद्याचं आहे हे आवडायचं. आज माझी सून तिकीट स्वस्त दिसलं की मोपाच्या नव्या विमानतळावरून पुण्याला माहेरी जाऊन दोन दिवसांत परत येते. तिला त्या प्रवासाचं काही कौतुक नाही, असायचं कारणही नाही. मला ते त्या दिवसांपेक्षा कितीतरी बरं वाटतं. मात्र तिच्या मोबाइलवर येणाऱ्या विमान कंपन्यांच्या जाहिरातीत एक आकडा आणि त्याखाली अटी लागू, यापलीकडे काही नसतं. एअर इंडिया परत टाटांकडे गेली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवं बोधचिन्ह आलं, ते विमानाच्या खिडकीच्या चौकटीवरून घेतलेलं आहे म्हणतात. नीटनेटकं आहे. पण त्याला मिशी नाही, आणि सलूनवाला ते पाटीवर काढून मागणार नाही.

कॅफेवाल्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "राणी पत्र्याची आहे, पत्रा चमकणारच. झिजवून हवी असेल तर पॉलिश पेपर मारावा लागेल, दोन दिवसांची मजुरी वेगळी." त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "राहू दे काका, पावसात आपोआप होईल."