साडेसातशे फ्रेम

घरात माझ्याबद्दल एक कायमची तक्रार आहे. समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य संपायच्या आत माझी मान हलते. घरच्यांना वाटतं ‘कळलं’ म्हणतोय. खरं तर मी मनात ‘इथे कट’ म्हणत असतो. स्थानिक केबलसाठी जाहिराती करण्यात हयात गेली, की मानेला अशी सवय लागतेच.

तीस सेकंद, म्हणजे ‘पाल’ (PAL) या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत, सेकंदाला पंचवीस चित्रांच्या हिशेबानं, साडेसातशे फ्रेम. तेवढ्यात जाहिरातदाराला सगळं हवं असायचं. खिशातून चार घड्या घातलेला कागद निघायचा: दुकानाची स्थापना, आजोबांची पुण्याई, सगळ्या शाखा, फोन नंबर तीनदा. मी स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचून दाखवायचो. पावणेदोन मिनिटं. त्यावर ठरलेलं उत्तर, “मग जरा भरभर वाचा की!”

टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी स्टेशनवर लागली, बेसबॉलच्या सामन्याआधी. नकाशावर बुलोव्हा घड्याळाची तबकडी आणि एकच वाक्य, बस्स. दहा सेकंदांत आटोपलं. हे मी एका जाहिरातदाराला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, “त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल.”

एडिटिंग म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन व्हीसीआर, एक वाजवणारा आणि एक उतरवून घेणारा. बटण दाबलं की दोघंही पाच सेकंद मागे जायचे, लांब उडीआधी धाव घ्यायला गेल्यासारखे, आणि एकदम सुटायचे. मधला एखादा शॉट छोटा करायचा म्हटलं, की त्याच्या पुढचं सगळं पुन्हा जोडा. नाहीतर झालेल्या कामाची कॉपी काढा आणि तिच्यावरून पुढे चला. पण व्हीएचएसच्या कॉपीची कॉपी म्हणजे पातळ होत जाणारा चहा. त्यात लाल रंग पहिला फितूर. तिसऱ्या पिढीपर्यंत शर्टाचा लाल मागच्या भिंतीवर सांडलेला असायचा. १९९५ मध्ये डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ टेप, आलं, पुढे एडिटिंग कॉम्प्युटरवर गेलं, आणि कितीही कापा, रंग जागचा हलेना. मग जाहिरातदार शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. तो काळ जास्त वाईट.

ज्यांना तीस सेकंद परवडत नसत त्यांच्यासाठी पट्टी होती, पडद्याच्या तळाशी सरकणारी. तिला आम्ही कामात धरतच नसू. हाताशी असेल तो माणूस टाइप करायचा.

एकदा तो माणूस मी होतो. फर्निचरवाल्याच्या नंबरातला एक आकडा चुकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका बाईंचा फोन: “आमच्याकडे सोफे मिळत नाहीत हो. कालपासून सांगतेय लोकांना!” मी दहादा माफी मागितली, पट्टी दुरुस्त केली आणि जाहिरातदाराकडे गेलो. तो आधी भडकला. ‘आमचं गिऱ्हाईक तुम्ही दुसऱ्याच्या घरी पाठवलंत’ वगैरे. मान खाली घालून सगळं ऐकलं. तेवढ्या वेळात एकदाही ‘कट’ सुचलं नाही. मग तो अचानक थांबला.

“किती फोन आले म्हणाल्या त्या बाई?”

“अठरा.”

“एका दिवसात?”

“हो.”

त्यानं गल्ला उघडला आणि पुढच्या महिन्याचे पैसे मोजायला लागला.