पुडोंग विमानतळ: पक्षी, खारगवत आणि आठ मिनिटांची गाडी

शांघायच्या होंगचियाओ विमानतळाला शहराने वेढलं आणि वाढायला जागाच उरली नाही. म्हणून यांगत्सेच्या मुखाशी, किनाऱ्यावरच्या दलदलीत पुडोंग उभा राहिला. १९९९ मध्ये पहिलं टर्मिनल सुरू झालं, २००८ मध्ये दुसरं. २०१९ ची सॅटेलाइट इमारत जमिनीखालच्या गाडीने टर्मिनलांना जोडलेली आहे, त्यामुळे गेट तिथलं असेल तर हाताशी जादा वेळ ठेवा.

खरी डोकेदुखी होती पक्ष्यांची. हा किनारा स्थलांतरित पक्ष्यांच्या वाटेवर येतो आणि इंजिनात पक्षी शिरला की अनर्थ. उपाय असा निघाला: समोरच्या जिउदुआनशा या गाळाच्या बेटांवर १९९७ मध्ये बोरू आणि स्पार्टिना हे खारगवत लावायचं, म्हणजे गाळ धरला जाईल आणि पक्षी तिकडे वळतील. कल्पना नामी होती. पण स्पार्टिना मूळचं अमेरिकेचं. ते मुळांनी आणि बियांनी भराभर पसरलं आणि पक्ष्यांना खाद्य पुरवणारं स्थानिक गवत मागे हटलं. बोरूवरच भागवायला हवं होतं.

शहरात जायला मॅग्लेव्हचा, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणाऱ्या गाडीचा, मोह होतोच. अंतर ३० किलोमीटर, पूर्वीच्या ताशी ४३० किलोमीटर वेगाने जेमतेम आठ मिनिटं लागायची. मात्र ती लाँगयांग रोडलाच संपते. पुढे सामानासकट मेट्रो बदला. ‘द बंड’ या नदीकाठच्या जुन्या भागाच्या बाजूला जायचं तर मेट्रोची २ क्रमांकाची लाइन सावकाश पण सोयीची. होंगचियाओहून पुढचं विमान असेल, तर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली विमानतळ-जोड रेल्वे घ्या, साधारण ४० मिनिटं लागतात. आणि तिकिटावरचा कोड आधी बघा: पीव्हीजी म्हणजे पुडोंग, एसएचए म्हणजे होंगचियाओ.