तुम्ही विचारलंत म्हणून : कोकणातली नोकरी न सोडता एक्झिक्युटिव्ह एमबीए

प्रश्न साधारण असा येतो : "लोट्याला कारखान्यात अठरा वर्षं झाली, प्रॉडक्शनचा डीजीएम (उपमहाव्यवस्थापक) आहे. वय चव्वेचाळीस. नोकरी न सोडता एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं म्हणतो. कुठून करू? या वयात उपयोग होईल का?" लोट्याच्या जागी कधी महाड असतं, कधी रोहा, कधी जयगड. बाकी मजकूर तोच.

उपयोगाचं आधी सांगतो. प्लँट चालवण्याच्या कामातच वर चढायचं असेल तर अनुभवी नोकरदारांसाठीच्या या पदवीवाचून काही अडत नाही. विक्री, खरेदी, फायनान्स या सगळ्यांचा हिशेब ज्याच्या टेबलावर येतो अशी खुर्ची दोन-तीन वर्षांत समोर दिसत असेल, तर पैसे आणि झोप दोन्ही खर्च करण्यात अर्थ आहे. प्लेसमेंटच्या आशेवर मात्र जाऊ नका. नोकरदारांच्या बहुतेक कोर्सना ते पूर्णवेळ एमबीएसारखं नसतं. पगारवाढीची हमी देणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

आता कुठून करायचं. लोक संस्थांची क्रमवारी उघडून बसतात. कोकणात राहणाऱ्याने आधी वेळापत्रकं काढावीत : संस्थेचं, कारखान्याचं आणि रेल्वेचं.

अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स हा कोर्स वर्षभराचा, पूर्णवेळ आणि निवासी आहे, म्हणजे राजीनामाच. आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपीमॅक्स वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यात काही आठवड्यांच्या अंतराने सलग काही दिवस कॅम्पसवर राहावं लागतं. रजा मंजूर करणारा साहेब असेल तर दर शनिवार-रविवारच्या धावपळीपेक्षा हे बरं पडतं, पण फी सगळ्यांत जड. कोझिकोड आयआयएमचा ईपीजीपी मुख्यतः ऑनलाइन चालतो, मधल्या थोड्या दिवसांसाठी कॅम्पसवर जायचं. कोझिकोडसारख्या नावाजलेल्या दोन वर्षांच्या कोर्सना ढोबळमानाने वीस ते तीस लाख धरून चाला. दुसऱ्या टोकाला इग्नूचं एमबीए : लाखाच्या आत, किमान दोन आणि कमाल चार वर्षं. त्याच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि जूनमध्ये आपल्याकडे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

शनिवार-रविवारचे वर्ग म्हटले की मुंबई किंवा पुणे. रत्नागिरी, चिपळूण, खेडहून मुंबई जमते, कारण रात्रीची गाडी आहे. शुक्रवारी रात्री कोकणकन्या किंवा तुतारीत बसलं की पहाटे मुंबई. रविवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत, आणि आंघोळ करून थेट कामावर. पवईच्या आयआयएम मुंबईत, म्हणजे २०२३पर्यंतच्या नीटीत, जायचं तर ठाण्यालाच उतरा. अंधेरी-पार्ल्याच्या संस्थांसाठी दादर सोयीचं. स्लीपरचं तिकीट हा मात्र निम्मा अभ्यासक्रम आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपती, शिमगा, मे महिना या तिन्ही वेळी चाकरमान्यांच्या गर्दीत काही मिनिटांत संपतं. म्हणून सत्राच्या तारखा हातात पडल्या की त्या सत्राची जाऊन-येऊन सगळी तिकिटं कोणत्या दिवशी काढायची हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी होतो. दरड आली तर पहाटेची गाडी दुपारी पोचते आणि शनिवारचा वर्ग जातो. हजेरीची अट ७५-८० टक्क्यांची असेल, तर जून ते सप्टेंबरमध्ये दोन खाडे होणारच असं धरूनच बाकीच्या महिन्यांत एकही वर्ग चुकवू नका.

पुण्याचं गणित वेगळं. माणगाव, महाडच्या लोकांना ताम्हिणी घाट जवळचा वाटतो, चिपळूणकरांना कुंभार्लीवरून कऱ्हाडमार्गे. दोन्ही रस्ते पावसाळ्यात रात्री एकट्याने चालवण्याचे नव्हेत. वरंधाच्या भरवशावर तर कुणी प्रवेश घेऊ नये, तो घाट पावसात बऱ्याचदा बंदच ठेवतात.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते : तुमची साप्ताहिक सुट्टी खरंच रविवारी असते का? काही औद्योगिक वसाहतींत ती वेगळ्या वारी असते. वार्षिक शटडाऊनचे आठवडेही सत्र-परीक्षेवर येतात. संस्थेकडून मागच्या वर्षीचं तारीखवार कॅलेंडर मागवा आणि शटडाऊन, ऑडिट, गणपती त्यावर लाल पेनाने मांडा. कॅलेंडर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

ऑनलाइन घेतलंत तर वीज आणि नेट. कॅमेरा चालू नसेल तर बऱ्याच ठिकाणी हजेरी धरत नाहीत. घराला इन्व्हर्टर असतो, पण राउटर आणि फायबरची पेटी त्यावर जोडलेली नसते, ती आधी जोडा. शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेलं डोंगल ठेवा. दोन सिमं एकाच कंपनीची असतील तर टॉवर गेला की दोन्ही जातात.

नावांच्या गोंधळाकडे नीट बघा. आयआयएमचं नाव असलेला सहा-आठ महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स हे एमबीए नव्हे, विकणारा ते फोनवर कितीही गोल बोलला तरी. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार ३१ जानेवारी २०१८ पासून मिळाला, त्याआधी ते पदविकाच देत. म्हणून "प्रमाणपत्रावर नेमके कोणते शब्द छापलेले असतील?" हे ईमेलने विचारा, उत्तरही लेखी घ्या. एक खूण सांगून ठेवतो : मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर जीएसटी नसतो, छोट्या सर्टिफिकेट कोर्सवर १८ टक्के लागतो. फीच्या कागदावर तो दिसला तर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू करा. खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र अशा तिन्ही गोष्टी तपासा. गेल्या वर्षीची मान्यता यंदा चालेलच असं नाही.

प्रवेश परीक्षेची धास्ती उगाच घेतली जाते. काही संस्था स्वतःची चाचणी घेतात, काही जीमॅट (व्यवस्थापन प्रवेशाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) मागतात, काहींना एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही अनुभवी लोकांसाठीची परीक्षा चालते. ती ९० मिनिटांची, ४० प्रश्नांची. घरून द्यायची सोय असली तरी मुंबई-पुण्याच्या केंद्रावर जा, मध्येच लाइट गेली तर पैसे आणि तयारी दोन्ही पाण्यात.

खरी दमछाक पहिल्या सत्रात होते, आणि ती स्ट्रॅटेजीत नाही, हिशेबात होते. वीस वर्षं प्लँट चालवलेल्या माणसाची "किलोमागे खर्च" ही एक पक्की कल्पना असते आणि वर्गात तीच आडवी येते. समजा महिन्याचा स्थिर खर्च ६० लाख आणि उत्पादन ३०० टन. टनामागे २० हजार झाले. कच्चा माल, वाफ, वीज वगैरे बदलता खर्च टनाला ८० हजार. एकूण एक लाख. आता ५० टनांची जादा ऑर्डर ९२ हजारांच्या दराने आली. प्लँटचा माणूस म्हणतो, आठ हजारांचा तोटा, नको. पण क्षमता ५०० टनांची आहे, स्थिर खर्च ऑर्डर घेतली तरी ६० लाखच राहणार आहे. मग टनामागे १२ हजार हातात उरतात, एकूण सहा लाख. लगेच पुढचा प्रश्न येतो : हा दर जुन्या गिऱ्हाइकांना कळला तर? आणि सगळ्याच ऑर्डरी अशा घेतल्या तर ते ६० लाख भरून कोण काढणार? गुण या दोन प्रश्नांना असतात, आकडेमोड तर कॅल्क्युलेटरही करतो.

तेव्हा प्रवेशाआधीचे दोन महिने व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं वाचण्यात घालवू नका. आपल्याच कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह यांतला प्रत्येक मोठा आकडा कुठून आला ते अकाउंट्सच्या माणसाला विचारत बसा, चहा पाजून. सोबत एक्सेलवर सरासरी, प्रमाण विचलन आणि रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज) हात बसेपर्यंत करा. वर्ग सुरू झाले की वर्गाबाहेर आठवड्याला दहा-बारा तास लागतात. केस, म्हणजे वर्गात चर्चेला दिलेली एखाद्या कंपनीची हकिगत, वाचताना शेवटचे तक्ते आधी बघा, मजकूर नंतर.

पैशांचं थोडक्यात. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, कमाल मर्यादा नाही. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. कंपनीकडून घेतलेल्या उचलीलाही ती लागू नाही.

कंपनी फी भरणार असेल तर बॉण्ड येतो, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार. सही करण्याआधी तीन ओळी शोधा : मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजणार की पदवी मिळाल्यापासून, मध्येच सोडलं तर पूर्ण रक्कम परत करायची की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच काढलं किंवा युनिट विकलं तर काय. तिसरी ओळ बहुतेक बॉण्डमध्ये नसतेच, ती एचआरकडून लिहून घ्या. फी देत नसतील तर निदान शनिवारच्या सुट्टीचं पत्र तरी घ्या, तेही कंपनीच्या लेटरहेडवर. साहेबांची बदली झाली की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबरच जाते.