पर्वती आणि खालची गाडी

आज सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीवर गेले होते, १०३ पायऱ्या चढताना सत्तरीतले एक काका मला मागे टाकून वर गेले पण आणि उतरताना परत भेटले पण, वर हसून म्हणतात "दमानं घ्या, गुडघे जपा". रोजचे आहेत ते. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि चहात साखर अर्धा चमचा, डाएटबिएट काही नाही म्हणे. खाली मात्र अर्धी गर्दी वडापावच्या गाडीवर 😄 एका वडापावात अडीचशे-तीनशे कॅलरी सहज जातात, अर्धा तास चालून निम्म्याच जळतात. डब्ल्यूएचओ आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम सांगते, ते जमेल हो, पण त्या वासाचं काय करायचं ते कोणी सांगत नाही! मी घरी येऊन ताक घालून नाचणीची आंबील केली, लसूण जरा जास्तच पडला.