एका दाखल्यासाठी सतरा दिवस

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या स्टोअर्स विभागात आठ वर्षे काम केल्यानंतर २९ नोव्हेंबर २०२५ रोजी मी नोकरी सोडली. राजीनामा, हिशेब, ग्रॅच्युइटीचा अर्ज, भविष्य निर्वाह निधीची नोंद ही कामे सरळ झाली, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मला लिहायचे आहे ते चार ओळींच्या एका दाखल्याविषयी, कारण त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

माझ्या पत्नीला २०१९ पासून मधुमेह आहे. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आम्हा दोघांना तीन लाखांचे संरक्षण होते. ते माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपणार होते. बाजारात जाऊन कोरी नवी पॉलिसी घेतली असती, तर आधीपासून असलेल्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, पहिल्यापासून सुरू झाला असता. (एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती.) मात्र नोकरी सोडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय नियमाने मिळतो. त्याला मायग्रेशन म्हणतात आणि त्यात सामूहिक पॉलिसीत काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीतून वजा होतात. हे मला नोटीस पीरियडमध्येच कळले, हे माझे नशीब. १२ नोव्हेंबरला मी विमा कंपनीच्या स्टेशन रोडवरील शाखेत अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घेतली. ही पोच घेताना तेथील कर्मचारी थोडे नाराज झाले. पण पुढे माझी सगळी भिस्त त्या शिक्क्यावरच राहिली, म्हणून ती मागताना कोणीही संकोच करू नये.

अर्जासोबत एकच कागद कमी होता. पॉलिसीत कोण सदस्य होते, कोणत्या तारखेपासून होते, विमा रक्कम किती होती आणि संरक्षणात खंड पडला होता का, एवढे सांगणारा दाखला. “तो तुमच्या कंपनीकडून आणा,” असे शाखेत सांगण्यात आले. आमच्या एचआर विभागातील मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडे फक्त मूळ पॉलिसी आणि चालू वर्षाची यादी आहे, दाखला ब्रोकर देईल. पुण्यातील ब्रोकरने, म्हणजे कंपनीला विमा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने, टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, बोट दाखवले. टीपीएच्या हेल्पलाइनवर वीस मिनिटे संगीत ऐकवून झाल्यावर, आपण फक्त क्लेमचे काम पाहतो, दाखले विमा कंपनी देते, असे उत्तर मिळाले. मी पुन्हा स्टेशन रोडवर गेलो, तेव्हा सामूहिक पॉलिसींचे काम पुण्याच्या कार्यालयात चालते हे मला प्रथमच सांगण्यात आले. पुण्याहून आलेले उत्तर मी अजून जपून ठेवले आहे: पॉलिसीची माहिती फक्त पॉलिसीधारकास देता येते, पॉलिसीधारक आपली कंपनी आहे आणि आपण केवळ सदस्य आहात. कागदोपत्री हे बरोबर असेलही. पण ज्याच्या घरात आजार आहे त्याने आपल्याच विम्याची माहिती मागायला जायचे तरी कोणाकडे, हे त्या उत्तरात कोठेही नव्हते.

या फेऱ्यांत नोव्हेंबर संपला. ३० नोव्हेंबरपासून आम्हा दोघांच्या डोक्यावर कोणतेही छत्र नव्हते. मी मोटारसायकलची किल्ली घेतली की पत्नी दारात येऊन म्हणत असे, “अहो, सावकाश जा, सध्या पडायची सोय नाही.” तिला हसू येत असे, मला येत नसे.

एक चूक माझीही झाली आणि ती कबूल केली पाहिजे. आमच्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये विमा कंपनी बदलली होती. २०१७ ते २०२१ या काळाचाही पुरावा लागेल असे धरून मी जुन्या विमा कंपनीच्या मागे चार दिवस घालवले. सध्याच्या विमा कंपनीकडील साडेचार वर्षेच ३६ महिन्यांपेक्षा जास्त भरतात, हे साधे गणित आयुष्यभर स्टोअर्सचा साठा मोजलेल्या माणसाला सुचले नाही. दरम्यान माझा कंपनीचा ईमेलही बंद झाला आणि त्यात असलेली दरवर्षीची ई-कार्डे, म्हणजे विम्याची ओळखपत्रे, गेली. ज्यांना नोकरी सोडायची आहे त्यांनी राजीनामा देण्यापूर्वीच ती आपल्या वैयक्तिक ईमेलवर घ्यावीत.

शेवटी फोन करणे थांबवून मी लेखी तक्रार केली. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला, सोबत १२ नोव्हेंबरची पोच आणि पुण्याचे ते उत्तर जोडले, आणि तीच तक्रार विमा नियामकाच्या (आयआरडीएआयच्या) विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवली. निराकरण न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन, हेही शेवटच्या ओळीत लिहिले. लोकपालांकडे तक्रारीला शुल्क नसते, हे मी आधीच पाहून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी दाखला आला. तो ज्या कार्यालयाने “देता येत नाही” म्हणून कळवले होते, त्याच कार्यालयाच्या लेटरहेडवर होता आणि त्यात खरोखरच चारच ओळी होत्या.

त्यानंतर रक्ततपासणी झाली, कारण सामूहिक पॉलिसीतून येणाऱ्याची प्रकृती तपासण्याचा हक्क विमा कंपनीला असतो, आणि सतरा दिवस विम्याविना काढल्यावर १७ डिसेंबरपासून पाच लाखांची कौटुंबिक पॉलिसी सुरू झाली. अर्ज नोकरीत असतानाच दिलेला असल्यामुळे मधला काळ खंड धरला गेला नाही. मात्र वर्षांची सवलत जुन्या तीन लाखांपुरतीच आहे. वाढवलेल्या दोन लाखांसाठी पत्नीच्या मधुमेहाचा प्रतीक्षा कालावधी नव्याने मोजला जाईल, हे एजंट आपणहून सांगत नाहीत. हप्ता आता स्वतःच्या खिशातून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेवढाच दिलासा. पॉलिसी हाती आल्यावर ती ३० दिवसांच्या फ्री-लुक मुदतीत, म्हणजे पॉलिसी न पटल्यास परत करता येते त्या मुदतीत, ओळ न ओळ वाचावी. आमच्या पॉलिसीत पत्नीचे जन्मवर्ष चुकले होते आणि ती चूक एचआरच्या यादीतून तशीच पुढे आली होती.

जानेवारीत त्याच एचआर मॅडमचा फोन आला. मशीन शॉपमधील एक जण नोकरी सोडत होते आणि त्यांना दाखला कसा मिळवायचा हे मॅडमना माझ्याकडून हवे होते. मी त्यांना माझ्या अर्जाचा मसुदा पाठवला. त्यात नाव आणि तारखांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.